दर तीन महिन्यांची सुई आणि हाडांचा हिशेब

गेल्या एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमात जेवणाची तयारी सुरू असताना एका ताईंनी मला सभागृहाबाहेर बोलावून घेतले. त्यांची मुलगी अठरा वर्षांची. सप्टेंबरपासून ती दुसऱ्या शहरातील विद्यापीठात शिकायला जाणार होती. कपडे धुवायला टाकताना तिच्या जॅकेटच्या खिशात ताईंना दवाखान्याचे एक कार्ड सापडले होते आणि त्यावर गर्भनिरोधक इंजेक्शनची पुढची तारीख लिहिलेली होती. घरी त्यांनी कोणालाच हे सांगितले नव्हते. मला मात्र त्यांनी हळू आवाजात विचारले, "अगं, तू घेत होतीस ना हे इंजेक्शन? यानं पोरींची हाडं ठिसूळ होतात म्हणतात. खरं आहे का ते?"

मी डॉक्टर नाही. संगणकप्रणाली लिहिणे हा माझा व्यवसाय. परंतु ताईंनी योग्य व्यक्तीला विचारले होते, कारण हाच प्रश्न मी स्वतःसाठी काही वर्षांपूर्वी धुंडाळला होता. तेव्हा जे वाचले, समजून घेतले आणि अनुभवले, ते त्या दिवशी उभ्याउभ्या नीट सांगता आले नाही. म्हणून हा लेख.

माझी गोष्ट थोडक्यात अशी. पदव्युत्तर शिक्षणासाठी ब्रिटनमध्ये आले, नोकरी लागली, लग्न झाले. रात्री-अपरात्री कामाचा फोन वाजणार, रोज ठरावीक वेळी गोळी घेणे जमणार नाही, म्हणून वयाच्या सव्विसाव्या वर्षी मी इंजेक्शन निवडले. पहिल्या दवाखान्यातील परिचारिकेने हाडांविषयी सांगितले होते आणि दोन वर्षांनी यावर पुन्हा बोलू, असेही ती म्हणाली होती. पुढे नोकरीनिमित्त मी दोनदा शहर बदलले. नव्या दवाखान्यात मागील इंजेक्शनची तारीख विचारत आणि पुढचे देत. दोन वर्षांचा तो फेरआढावा कोणाच्याच यादीत राहिला नाही. इतरांसाठी स्मरणसूचना पाठवणाऱ्या प्रणाली बांधणारी मी, स्वतःसाठी एकही लावली नव्हती. साडेचार वर्षे उलटली. एका जानेवारीत बर्फावरून घसरले आणि डावे मनगट मोडले. अस्थिविभागातील डॉक्टरांनी माझ्या औषधांची यादी पाहिली आणि विचारले, "हे इंजेक्शन किती वर्षे घेता आहात?"

पडले ते बर्फामुळे. इंजेक्शन घेतले नसते तर मनगट वाचले असते का, हे कोणीही सांगू शकणार नाही. एका मनगटावरून विज्ञान सिद्ध होत नाही. पण त्या प्रश्नामुळे तपासणी झाली आणि माझ्या हाडांची घनता माझ्या वयाच्या मानाने मर्यादेत असली, तरी खालच्या बाजूला असल्याचे कळले. मी पद्धत बदलली. दोन वर्षांनी पुन्हा तपासणी केली तेव्हा कण्याचा आकडा वर आला होता.

हाडांची ठेव कधी जमते?

हाड ही जिवंत ऊती आहे. तिच्यात ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुने हाड विरघळवीत असतात आणि ऑस्टिओब्लास्ट नावाच्या पेशी नवे रचीत असतात. बालपणात आणि किशोरवयात रचना अधिक होते, झीज कमी. मुलींमध्ये वाढीचा वेग सर्वाधिक असतो ती दोन वर्षे विशेष महत्त्वाची. प्रौढ वयातील एकूण अस्थिखनिजांपैकी सुमारे चौथा हिस्सा त्या दोनच वर्षांत जमा होतो. अठराव्या वर्षापर्यंत बहुतांश ठेव झालेली असते आणि विशीच्या उत्तरार्धापर्यंत तिच्यात थोडी भर पडत राहते. त्यानंतर काही वर्षे पातळी स्थिर राहते आणि रजोनिवृत्तीनंतर उतार लागतो. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडणार की नाही, हे दोन गोष्टींवर अवलंबून असते: तरुणपणी ठेव किती जमली आणि पुढे ती किती वेगाने खर्च झाली.

या व्यवहारात इस्ट्रोजेन या संप्रेरकाची भूमिका मोठी आहे. हाड विरघळवणाऱ्या पेशींना ते आवर घालते. रजोनिवृत्तीनंतर बीजांडकोशांतून मिळणारे इस्ट्रोजेन घटते, आवर सुटतो आणि झीज वाढते. म्हणूनच एखादे गर्भनिरोधक शरीरातील इस्ट्रोजेनचे काय करते, हा हाडांच्या दृष्टीने कळीचा प्रश्न ठरतो.

इंजेक्शन काय करते?

आपण ज्याविषयी बोलत आहोत, त्या औषधाचे नाव डेपो मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन अॅसिटेट, संक्षेपाने डीएमपीए. 'डेपो-प्रोव्हेरा' या नावाने ते जगभर ओळखले जाते. १५० मिलिग्रॅमची मात्रा सुमारे तीन महिन्यांतून एकदा स्नायूत टोचतात. १०४ मिलिग्रॅमचा दुसरा प्रकार त्वचेखाली घ्यायचा असतो. ब्रिटनमध्ये शिकवून दिल्यावर स्त्रिया तो घरी स्वतःच घेऊ शकतात. ही पद्धत प्रभावी आहे, कोणाला कळू न देता घेता येते आणि रोजची आठवण ठेवावी लागत नाही. अनेक स्त्रियांसाठी हे गुण फार मोलाचे असतात.

हे औषध मेंदूतील पीयूषिका ग्रंथीकडून बीजांडकोशांना जाणारे संदेश दाबून टाकते. त्यामुळे बीज बाहेर पडत नाही. परंतु त्याच कारणाने बीजांडकोशांतील इस्ट्रोजेनची निर्मितीही बरीच खाली येते आणि बाहेरून इस्ट्रोजेन दिले जात नाही. हाडांची घनता घटते ती यामुळे.

ती किती घटते? प्रौढ स्त्रियांच्या अभ्यासांत पाच वर्षांच्या वापरानंतर कण्याच्या आणि खुब्याच्या घनतेत सरासरी पाच ते सहा टक्के घट आढळली. पहिल्या दोन वर्षांत घट वेगाने होते आणि पुढे तिचा वेग मंदावतो. इंजेक्शन थांबवल्यावर घनता पुन्हा वाढू लागते. किशोरवयीन मुलींच्या एका अभ्यासात कण्याची घनता सुमारे सव्वा वर्षात पूर्ववत झाली. खुब्याला मात्र बराच अधिक काळ लागला.

तुलनेसाठी एक गोष्ट लक्षात घ्यावी. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईच्या हाडांतूनही सहा महिन्यांत तीन ते पाच टक्के किंवा त्याहून अधिक खनिजे खर्च होतात आणि दूध तुटल्यावर ती बहुतांशी भरून निघतात. म्हणजे हाडांची तात्पुरती घट स्त्रीशरीराला अपरिचित नाही. चिंता आहे ती किशोरवयाची. ज्या वर्षांत ठेव जमायची, त्याच वर्षांत खर्च सुरू झाला, तर पुढे ती पूर्ण भरून निघते का, याचे निर्विवाद उत्तर देण्यासाठी आज पंधरा वर्षांच्या असलेल्या मुलींचा त्या सत्तरीला पोहोचेपर्यंत मागोवा घ्यावा लागेल.

घनता कमी होणे आणि हाड मोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. ब्रिटनमधील डॉक्टरांच्या नोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. इंजेक्शन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये अस्थिभंगाचे प्रमाण अधिक दिसले. पण ते इंजेक्शन सुरू होण्यापूर्वीही अधिकच होते. म्हणजे त्या गटाच्या राहणीमानातील इतर कारणेही असू शकतात. इतर काही अभ्यासांत दीर्घ वापराचा आणि अस्थिभंगाचा संबंध दिसला आहे. धोका शून्य आहे असे म्हणता येत नाही, आणि इंजेक्शन घेतलेल्या प्रत्येक मुलीची हाडे मोडणार, हे तर मुळीच खरे नाही.

गोळी, काडी आणि तांबी

आपल्या घरांत बोलताना सर्व गर्भनिरोधकांना एकाच पारड्यात टाकले जाते. ते चूक आहे.

दोन संप्रेरके असलेल्या नेहमीच्या गोळीत इस्ट्रोजेन बाहेरून मिळते. प्रौढ स्त्रियांच्या हाडांवर तिचा उल्लेखनीय दुष्परिणाम दिसलेला नाही. किशोरवयीन मुलींत, विशेषतः २० मायक्रोग्रॅमसारख्या अल्प मात्रेच्या गोळ्या घेणाऱ्यांत, हाडांची ठेव समवयस्क मुलींपेक्षा काहीशी हळू जमते, असे काही अभ्यास सांगतात. त्यामुळे पुढे अस्थिभंग वाढतात, असे सिद्ध झालेले नाही.

दंडात त्वचेखाली बसवायची काडी, म्हणजे इम्प्लांट, आणि केवळ प्रोजेस्टोजेनची गोळी यांमुळे हाडांच्या घनतेत चिंताजनक घट आढळलेली नाही. काडी बीज बाहेर पडणे रोखते, तरी इस्ट्रोजेन इंजेक्शनइतके खाली जात नाही. गर्भाशयात बसवायच्या संप्रेरकयुक्त साधनाचा परिणाम मुख्यतः तेथपुरताच राहतो. साध्या तांबीत तर संप्रेरकच नसते. हाडांचा प्रश्न ठळकपणे उभा राहतो तो इंजेक्शनच्या बाबतीत.

आणखी एक मुद्दा खेळाडू मुलींच्या आणि वजन कमी करण्याच्या मागे लागलेल्या मुलींच्या आईवडिलांसाठी. अतिव्यायाम किंवा अपुऱ्या खाण्यामुळे पाळी बंद झाली असेल, तर ती 'सुरू करण्यासाठी' गोळी देणे हा हाडांवरचा उपाय नव्हे. गोळीमुळे दर महिन्याला रक्तस्राव होतो, घरच्यांना बरे वाटते, पण शरीराची उपासमार चालूच राहते आणि हाडे झिजत राहतात. तेथे उपचार आधी ताटातून सुरू होतो.

इशारा आणि मतभेद

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७८ साली या इंजेक्शनला गर्भनिरोधक म्हणून परवानगी नाकारली होती. १९९२ मध्ये ती मिळाली. नोव्हेंबर २००४ मध्ये त्याच प्रशासनाने औषधाच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतील इशारा छापायला लावला: हाडांची घनता घटते, वापर वाढेल तशी घट वाढते, ती पूर्णपणे भरून निघेलच असे नाही, आणि इतर पद्धती अयोग्य ठरत असतील तरच दोन वर्षांहून अधिक काळ वापरावे.

पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने तोच पुरावा वेगळ्या तराजूत तोलला. १८ ते ४५ वयाच्या स्त्रियांवर बंधन नको. त्याहून लहान किंवा मोठ्या वयातही लाभ सामान्यतः धोक्यापेक्षा अधिक आहेत, अशी भूमिका तिने घेतली. कारण दुसऱ्या पारड्यात नको असलेले गरोदरपण होते, आणि जगाच्या अनेक भागांत त्याची किंमत स्त्रीला प्राण देऊन मोजावी लागते. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१४ मध्ये केवळ हाडांच्या भीतीने दोन वर्षांची सक्त मर्यादा घालू नये, असे म्हटले. ब्रिटनमधील मार्गदर्शन मधल्या वाटेचे आहे. अठरा वर्षांखालील मुलीला इतर पर्यायांचा विचार झाल्यावर इंजेक्शन देता येते. वापरणाऱ्या प्रत्येकीचा दर दोन वर्षांनी फेरआढावा घ्यावा. आणि पन्नाशीनंतर दुसरी पद्धत सुचवावी.

थोडक्यात, तज्ज्ञांमध्ये घनता घटते की नाही याविषयी वाद नाही. वाद आहे तो ही घट कोणासाठी किती महत्त्वाची, याविषयी. आणि ते त्या मुलीचे वय, आहार, धूम्रपान, घरातील अस्थिविकाराचा इतिहास आणि तिच्यापुढचे इतर पर्याय कळल्याशिवाय ठरवता येत नाही.

सांगितले कोणाला जाते?

या इंजेक्शनचा इतिहास वाचताना आपल्यासारख्यांना थांबावेच लागते. अमेरिकेत परवानगी मिळण्याच्या कितीतरी आधी, १९६० आणि १९७० च्या दशकांत, अटलांटा येथील ग्रेडी रुग्णालयाच्या केंद्रात हजारो स्त्रियांना ते देण्यात आले. त्यांतील बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि गरीब होत्या. इस्रायलमध्ये इथिओपियातून आलेल्या ज्यू स्त्रियांना हे इंजेक्शन पुरेशी समज न देता दिले जात असल्याच्या तक्रारी झाल्या. २०१३ मध्ये तेथील आरोग्य मंत्रालयाने, परिणाम स्त्रीला समजले आहेत याची खात्री असल्याशिवाय ते पुढे चालू ठेवू नये, अशी सूचना काढली. भारतात स्त्रीसंघटनांनी १९८० च्या दशकापासून इंजेक्शनच्या गर्भनिरोधकांना विरोध केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले. सरकारी दवाखान्यांत 'अंतरा' या नावाने हे इंजेक्शन मोफत मिळू लागले ते २०१७ पासून. त्या संघटनांचा एक आक्षेप असा होता की गर्दीच्या सरकारी केंद्रात गरीब बाईला बसवून कोण समजावणार आणि पुढे तिची तपासणी कोण करणार?

तो आक्षेप मला माझ्याच अनुभवातून कळला. मी इंग्रजी वाचणारी, पदव्युत्तर शिकलेली, मोफत आरोग्यसेवेच्या देशात राहणारी. तरीही माझा फेरआढावा हरवला. गावाकडच्या माझ्या मावसबहिणीचे काय?

गर्भनिरोधनाला सरसकट विरोध करणे हे मात्र याचे उत्तर नाही, आणि आपली परंपराही ती नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, तेव्हा १९३४ मध्ये बाबासाहेबांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. नोव्हेंबर १९३८ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या साधनांचा ठराव मांडला. त्यामागील भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते. ठराव फेटाळला गेला. मूल केव्हा होऊ द्यायचे, हा निर्णय स्त्रीच्या हाती असावा, ही त्या भाषणातील भूमिका होती. निर्णय तिच्या हाती द्यायचा, तर त्यासाठी लागणारी माहितीही तिच्या हाती दिली पाहिजे.

घरात काय करता येईल?

पहिली गोष्ट आहाराची. किशोरवयीन मुलींसाठी रोज किती कॅल्शियम हवे, याचे आकडे देशागणिक वेगळे आहेत: ब्रिटनमध्ये ८०० मिलिग्रॅम, अमेरिकेत १,३०० मिलिग्रॅम. आपल्या स्वयंपाकघरात त्याची सोय पूर्वापार आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तीळ, दूध-दही, शेवग्याचा पाला आणि काट्यासकट खाल्ली जाणारी सुकट यांतूनही ते भरपूर मिळते. भाकरी आणि सुकटीची चटणी हे गरिबीचे खाणे म्हणून आपल्यापैकी काहींनी परदेशात आल्यावर सोडले. मुलींच्या हाडांसाठी ते पुन्हा ताटात यायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट ड जीवनसत्त्वाची. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंतच्या उन्हात ते पुरेसे तयार होत नाही. सावळ्या त्वचेच्या दक्षिण आशियाई लोकांनी वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी घेण्याचा विचार करावा, असे येथील आरोग्य यंत्रणा सांगते. आखाती देशांत ऊन मुबलक, पण दिवस वातानुकूलित खोल्यांत जातो. म्हणून तेथील कुटुंबांनीही निश्चिंत राहू नये. तिसरी गोष्ट व्यायामाची: धावणे, उड्या मारणे, वजन उचलणे यांनी हाडांवर भार पडतो आणि ती बळकट होतात. लेझीम आणि दोरीवरच्या उड्याही त्यात आल्या. धूम्रपान हाडांचा शत्रू आहे.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड. ब्रिटनमध्ये १९८५ च्या 'गिलिक' निकालापासून सोळा वर्षांखालील मुलीलाही, ती पुरेशी समजदार असल्याची डॉक्टरांची खात्री पटल्यास, आईवडिलांना न कळवता गर्भनिरोधनाचा सल्ला आणि साधने मिळू शकतात. अठरा वर्षांच्या मुलीचा तर प्रश्नच नाही. आपण रागावलो तर ती इंजेक्शन थांबवणार नाही. आपल्याला सांगणे थांबवेल. किंवा पर्यायाशिवाय थांबवेल, आणि ते अधिक वाईट.

तेव्हा मुलीला आपण एवढेच प्रश्न द्यावेत, जे तिने स्वतः दवाखान्यात विचारावेत. माझ्या वयाला आणि प्रकृतीला इंजेक्शनखेरीज कोणती पद्धत चालेल? मी किती काळ ते घेणार आहे? फेरआढाव्याची तारीख कोणती? घरात कोणाला अस्थिविकार आहे, मी दीर्घकाळ स्टेरॉइड औषधे घेतली आहेत, किंवा माझी पाळी पूर्वी बंद पडली होती, तर त्याने निर्णय बदलतो का? शहर बदलले तर माझी नोंद माझ्याबरोबर कशी येईल? ही शेवटची विचारणा मी केली असती, तर बरे झाले असते. इंजेक्शन घेणाऱ्या प्रत्येक तरुणीने घनतेची तपासणी करून घेण्याची गरज नाही. ती केव्हा करायची, हे डॉक्टर ठरवतील.

ताईंनी दोन आठवड्यांनी फोन केला. त्यांनी मुलीला कार्ड परत दिले होते. "मी काही म्हणणार नाही, पण तुझी आजी खुब्याचं हाड मोडून दोन वर्षं अंथरुणावर होती, हे तिथं नक्की सांग," एवढेच त्या बोलल्या. मुलगी आधी चिडली, मग रडली, आणि दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच दवाखान्यात भेटीची वेळ घेतली. परिचारिकेने आजीचा अस्थिभंग नोंदवून घेतला आणि इतर पर्याय समजावले. मुलीने दंडातील काडी निवडली. सप्टेंबरमध्ये ती विद्यापीठात गेली, तेव्हा ताईंनी तिच्या सामानात नाचणीच्या पिठाची पिशवी बांधून दिली. ती भाकरी थापते की नाही, हे मात्र ताईंना अजून कळलेले नाही.